न मोजलेला बुरूज

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस. आईची तब्येत कालच्यासारखीच आहे. ती आतल्या खोलीत दवाखान्याच्या पिशवीत कपडे भरते आहे, बाहेर काढते आहे आणि पुन्हा भरते आहे. मीही ठीक आहे, म्हणजे दिसायला. रोज फोनवर बोलणारा बाप पानंच्या पानं लिहून जावईबापूंच्या हाती देतो, म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. आधी एक काम कर. या पत्राबरोबर एक लहान लिफाफा आहे, त्यात माझ्या सहीचा कागद आहे. तो आधी वाच, मुकादमाला बोलाव, आणि परवा गुरुवारी दक्षिण बुरुजावर तोफ चढवायची आहे ते थांबव. मग चहा घे, खुर्चीत नीट बस आणि हे पुढचं वाच. तो बुरूज मी कधी मोजलेलाच नव्हता.

लिहिलं बुवा एकदाचं. रविवारी किल्ल्यावरून परतल्यापासून हेच सांगायला तुला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा विचारलं, तुमच्याकडे पाणी नीट येतं का. दुसऱ्यांदा विचारलं, माझी छत्री तुझ्या कचेरीत राहिली का, आणि छत्री माझ्या हातातच होती. तिसऱ्यांदा तूच विचारलंस, बाबा, काय झालंय, खरं सांगा, तर मी म्हटलं, काही नाही गं, चुकून लागला. फोनवर माझी जीभ रेटत नाही. शिवाय तू लगेच विचारणार, का नाही मोजला, आणि मी तिथल्या तिथे काहीतरी थाप मारून मोकळा होणार. स्वतःबद्दल इतका भरवसा मला आहे. कागदावर थाप मारायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटते. जावईबापू आईला भेटून दुपारच्या लाँचनं परत निघतायत, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत हे तुझ्या हातात पडेल. सहा वाजता मी फोन करणार आहे, पत्र मिळालं का आणि काम थांबलं का, एवढंच विचारायला. तेवढं मला जमेल.

रविवारी तू धक्क्यावर घ्यायला आलीस तेव्हाच मला परत फिरावंसं वाटत होतं. चौतीस वर्षांत त्या किल्ल्यात मी पाऊल टाकलं नव्हतं. किल्ल्याच्या दुरुस्तीचं काम हातात घेतल्यापासून वर्षभर तू बोलावत होतीस आणि दरवेळी माझा गुडघा नेमका दुखायला लागायचा. या वेळी आईनंच हाकललं. म्हणाली, आपरेशन माझं आहे आणि येरझाऱ्या तुम्ही घालताय, एक दिवस जा आणि मुलीचं काम बघून या. तिच्यापुढे गुडघ्याचं काही चाललं नाही.

लाँचमधून किल्ला दिसला तो जुन्यासारखाच. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या दर्यावर्द्यांनी तो टेकाडाच्या टोकावर बसवला, स्वतःची गलबतं राखायला आणि दुसऱ्यांची बुडवायला. ते गेले, त्यांच्यामागून आले तेही गेले, आणि आता तिथे नारळाची झाडं, वटवाघळं आणि तिकीट काढून येणारी माणसं. खाली तो अर्धगोल उपसागर, हिरवं पाणी, काठाला होड्या. हवा इतकी दमट की पायऱ्या चढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. वर फोटो काढणाऱ्या दोन बायका एकमेकींना म्हणत होत्या, इथे कसं शांत शांत वाटतं नाही. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. तू पायाकडच्या दगडांची माहिती सांगत होतीस आणि मी दोनदा विचारलं, परतीची लाँच कितीला आहे. तुला वाटलं म्हाताऱ्याची साखर कमी झाली. तू पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात दिलास, आणि मी मुकाट्यानं खाल्ली बिस्किटं.

मग तू मला जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात नेलंस, तुझ्या कचेरीत. भिंतीवर मी काढलेला किल्ल्याचा नकाशा, काचेच्या चौकटीत. खाली उजव्या कोपऱ्यात माझी तरुणपणीची सही, मोठ्या शेपटीची. मुकादमानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या बोटांना चुन्यानं भेगा पडल्यात, माझा तळहात अजून खरखरतो आहे असं वाटतं. म्हणाला, साहेब, वर्ष झालं तुमच्या कागदावर काम करतोय, बोटभर फरक नाही निघाला कुठं. तू शेजारी उभी होतीस, हाताची घडी घालून, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तुझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मला पाणी प्यावंसं वाटलं.

पुढे तू जे सांगितलंस ते त्याहून वाईट होतं. खात्यानं तपासणीसाठी एकच भोक पाडायची परवानगी दिली. तू ते उत्तर बुरुजात पाडलंस, तिकडे यंत्र नेणं सोपं म्हणून. आत दगडमातीचा पक्का भराव लागला, नकाशात लिहिलंय तसाच. दक्षिण बुरूजही नकाशात हुबेहूब तसाच, म्हणून तू त्यावरच हिशेब मांडलास आणि अडीच टनांची तोफ शंभर वर्षांनी जागेवर न्यायचं ठरवलंस. कुणीतरी तुला विचारलंही म्हणे, दुसरीकडे न बघता कसं चालेल. तू त्याला म्हणालीस, माझ्या वडिलांनी बघितलंय. मला हे सांगताना तू हसत होतीस.

आता आमच्या मोजणीच्या धंद्यातली एक गोष्ट ऐक, तुझ्या पिढीत ती उरली नाही. किल्ला असो, देऊळ असो की कचेरीची इमारत, डावी बाजू उजव्यासारखी असली की आम्ही एकच बाजू मोजायचो. ट्रेसिंगचा कागद मधोमध दुमडायचा आणि दुसरी बाजू उलटी उतरवून घ्यायची. सगळे करायचे, त्यात पाप नव्हतं. पण एक रीत होती. जे टेप लावून मोजलं त्याची रेघ भरीव, आणि जे अंदाजानं उतरवलं त्याची ठिपक्यांची. ठिपके दिसले की पुढचा माणूस समजायचा, इथे आपलं आपण बघायचं आहे. मी नवशिक्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, भरीव रेघ म्हणजे आपला शब्द. दक्षिण बुरूज मी दुमडून उतरवला आणि भरीव रेघेत काढला. बाहेरचा आकार जुळला ते बांधणाऱ्या गवंड्यांचं कसब, माझं नव्हे. बुरुजाच्या पोटात काय आहे ते दाखवणाऱ्या छेदात दोन्हीकडे 'भराव' असं लिहिलं, आणि लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की दक्षिणेकडे भराव नाही. आत पोकळी आहे, बहुधा पाण्याची टाकी. वर दगडी कमान आहे ती किती जाड, देव जाणे.

मध्ये उठून स्वयंपाकघरातला नळ बंद आहे का ते बघून आलो. बंदच होता. आई म्हणाली, काय शोधताय, मी म्हटलं, चष्मा. तो नाकावर होता.

आता ते सांगतो. तुझ्याआधी दोन वर्षं तुझा भाऊ आला आणि गेला, एवढं तुला माहीत आहे. बाकीचं आम्ही कधी बोललो नाही. त्या वेळी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून होतो, सकाळपासून दुपारपर्यंत. समोर एक पांढरं दार, त्याच्या वरच्या काचेवर रंग मारलेला. मग नर्स बाहेर आली. तिनं माझ्याकडे न बघता आधी फरशीकडे बघितलं, आणि तिनं तोंड उघडण्याआधीच मला सगळं कळलं. त्या दिवसापासून दवाखान्याचा वास आला तरी माझे पाय उलटे वळतात. दात काढायलासुद्धा मी पाच वर्षं गेलो नाही, जावईबापूंना विचार. ते मला अजून हसतात.

तुझ्या वेळी आम्ही किल्ल्यावर मोजणीला होतो, मी आणि माझा टेपवाला. भला माणूस, माझ्याहून वयानं मोठा, टेपचं टोक धरून दिवसभर उन्हात उभा राहायचा आणि सगळ्या जगाच्या भानगडी सांगायचा. बाराव्या दिवशी फक्त दक्षिण बुरूज राहिला होता. सकाळी दहाच्या सुमाराला लाँचवाल्यानं चिठ्ठी आणून दिली, तुझ्या मावशीच्या हातची. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्यात, डॉक्टर काळजीत आहेत, असाल तसे निघा. दुपारी बाराची लाँच होती. मी टेपवाल्याला म्हटलं, तू पुढे हो, मी एवढा बुरूज उरकतो आणि चारच्या लाँचनं येतोच. एकट्यानं टेप धरून बुरूज मोजता येत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तरी तो टेपचं टोक माझ्या हातात देऊन गेला.

मी बुरुजावर बसलो. टेप मांडीवर, वही शेजारी, पेन्सिल टोक काढून तयार. एक आकडा लिहिला नाही. फरसबंदीत हातभर लांबीची एक फट होती, तिच्यात मी खडे टाकत बसलो. खडा सोडायचा, कान लावायचा, जरा वेळ काही नाही, मग खालून डुबुक. पुन्हा खडा. उत्तर बुरुजावर अशाच एका फटीत मी ओळंबा सोडला होता तर तो हातभरावर मातीत रुतला होता. इथे खडा पार खाली पाण्यात जात होता. मोजणारा माणूस ताडकन उठला असता. मी नुसता ऐकत बसलो. मनात एकच चाललं होतं, की जोवर मी तिथे जात नाही तोवर त्या दारातून कुणी बाहेर येणार नाही, आणि कुणी फरशीकडे बघणार नाही. वेडेपणा होता, पण दुपारभर तो मला पुरला.

चारला लाँच आली. लाँचवाल्यानं भोंगा दिला, मी उठलो नाही. दुसऱ्यांदा दिला. मग तो धक्क्यावर उतरून मला हाका मारायला लागला, साहेब, अहो साहेब, शेवटची आहे. तिथून वर बघितलं असतं तर मी त्याला दिसलो असतो. मी कठड्याच्या आड खाली वाकलो, टेप पोटाशी धरली आणि श्वास रोखून बसलो. बत्तीस वर्षांचा घोडा, सरकारी नोकर, लपाछपीतल्या पोरासारखा लपला होता. तिसरा भोंगा झाला, आणि मग इंजिनाचा आवाज लांब लांब गेला. तेव्हा मला काय वाटलं ते तुला सांगू नये, पण सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेपवाला पहिल्या लाँचनं आला तो लांबूनच दोन्ही हात हलवत. मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. मी तिथेच पायरीवर बसून रडलो, ते खरं होतं, त्यात काही खोट नव्हती. मग त्यानं सहज विचारलं, बुरूज झाला का साहेब? मी म्हटलं, झाला. एवढा एकच शब्द, खारूताई. तो शब्द तोंडातून गेला आणि त्याच लाँचनं मी तुला बघायला निघालो. टेपवाल्यानं कचेरीत जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं, घरी मूल जन्मतंय आणि आमचे साहेब बुरूज सोडायला तयार नाहीत. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तुझी मावशी मात्र वर्षभर माझ्याशी बोलली नाही. ती एकटीच बरोबर होती.

पुढच्या महिन्यात नकाशा काढायला बसलो तेव्हा संधी होती. ठिपके दिले असते तर काम भागलं असतं. पण ठिपके दिले की साहेब विचारणार, हा बुरूज मोजला नाही का? मग तो दिवसभर तू तिथे काय करत होतास? म्हणून रेघ भरीव. आत पाणी आहे असं लिहिलं तरी कुणी म्हणालं असतं, चला, खोली मोजू, आणि वहीतलं कोरं पान बाहेर आलं असतं. म्हणून भराव. स्वतःला समजावलं की पडका किल्ला आहे, वटवाघळांशिवाय तिथे कोण जातंय. हे मला तेहतीस वर्षं पटत राहिलं. मग किल्ला दुरुस्त करायचं काम सगळ्या खात्यातून नेमकं माझ्याच मुलीला मिळालं. मी आनंदाचा फोन केला, फोन ठेवला आणि त्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नाही. आईला वाटायचं पित्त आहे.

तुझी शाळेतली वही अजून माझ्या कपाटात आहे. 'मी जन्मले तेव्हा माझे बाबा किल्ला मोजत होते, कारण काम म्हणजे काम.' बाईंनी लाल शाईनं शाबासकी दिली होती. हे वाक्य तू पाहुण्यांना सांगितलंस, मैत्रिणींना सांगितलंस, लग्नाच्या वेळी जावईबापूंना आधीच बजावलंस, की मी वडिलांवर गेले आहे, कामापुढे मला काही दिसत नाही. दरवेळी मी मान खाली घालायचो आणि लोक म्हणायचे, काय विनय आहे.

रविवारी तटावरून चालताना मी ती फट शोधत होतो. सापडली नाही, तुझ्या माणसांनी नव्या चुन्यानं बुजवून टाकली आहे, छान सफाईनं. मी टाच तीनदा आपटली. आवाज वेगळा आला, किंवा मला तसा वाटला. तू म्हणालीस, पायाला मुंग्या आल्या का बाबा? मी म्हटलं, हो. त्या वेळी बोलायला हवं होतं. तू समोर होतीस, मुकादम होता, बुरूज पायाखाली होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, चला, उशीर होईल, आणि मी तुझ्या मागून चालायला लागलो.

आणि परतताना धक्क्यावर तू ते बोललीस. गुरुवारी आईच्या आपरेशनला येता येणार नाही. क्रेनचा तराफा उधाणाच्या भरतीशिवाय धक्क्याला लागत नाही, उधाण गुरुवारी, आणि तिकडे डॉक्टरांनीही हृदयाची झडप बदलायला गुरुवारच दिलाय. तुझा आवाज जरासा हलला, पण लगेच तू हसलीस आणि म्हणालीस, तुम्ही तरी कुठे आला होतात मी जन्मले तेव्हा, आपल्या घरात हे चालतंच. मी म्हटलं, बरोबर आहे. लाँच सुटली. तू हात हलवत होतीस आणि मी मागच्या फळीवर बसून होतो. लाँच निम्म्यावर येईपर्यंत मला कळून चुकलं, की त्या एका बुरुजापायी मी तुला आयुष्यभर चुकीचं माप दिलं.

हे सगळं आधी तुझ्या आईला सांगायला हवं, तुझ्याआधी तिचा हक्क. आज सकाळी सांगितलं. ती पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्या बोललो, बसवेना. लपून बसलो होतो तेही सांगितलं. तिनं घडी घालायची थांबवली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, त्या दिवशी मी नर्सला दार उघडं ठेवायला सांगितलं होतं, तुम्ही व्हरांड्यातून येताना दिसावं म्हणून. नर्स म्हणत होती, वारा येतो, बाळंतिणीला बरा नाही. सकाळपर्यंत उघडंच होतं. एवढं बोलून तिनं टॉवेल पिशवीत ठेवला. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, निदान तोंड फिरवील. तिनं मला टूथपेस्ट आणायला पाठवलं. मी दुकानापर्यंत गेलो आणि भलतीच घेऊन आलो. ती बघून म्हणाली, चालेल. मग पिशवीची चेन ओढत तिनं विचारलं, गुरुवारी तुम्ही कुठे बसणार आहात?

मी म्हटलं, दाराबाहेर, बाकावर. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं, आणि खरं सांगतो, माझाही नाही. काल कागदपत्रं द्यायला दवाखान्यात गेलो होतो. खिडकीशी रांगेत माझ्यापुढे दोनच माणसं होती, आणि मी रांग सोडून रस्त्यावर येऊन उभा राहिलो. कागद शेवटी जावईबापूंनी दिले. आज सकाळी मी लाँचचं वेळापत्रक बघून ठेवलं आहे, कशाला ते मला माहीत नाही. बुरुजाचं काम दोन ओळींचं होतं, त्या दोन ओळी लहान लिफाफ्यात आहेतच. त्यांचं जे काही व्हायचं ते होवो, चौकशी होईल, सही माझी आहे, मी येऊन उत्तर देईन. बाकी हे एवढं लांबण लावलं ते दुसऱ्याच कारणासाठी. मला भीती वाटते आहे, आणि हे वाक्य सहासष्ट वर्षांत मी कुणाजवळ बोललेलो नाही. परवा सकाळी आठला तिला आत नेणार आहेत. तू ये. तिच्याजवळ डॉक्टर असतील, नर्स असतील, तिचं तिला सगळं समजतं. तू माझ्याजवळ ये. बाकावर माझ्या शेजारी बस, आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायला लागलो, तर माझा हात धरून मला खाली बसव.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा